नारायण विनायक जगताप आणि आम्ही पाच जण

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी एक कागद लावला. पाण्याची टाकी साफ करण्याची नोटीस आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी यांच्या मधे वीतभर जागा होती, तिथे. "विज्ञानकथा वाचक मंडळ. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, सोसायटी ऑफिस. सर्वांचे स्वागत."

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"चांगला उपक्रम आहे रे. कितवीपर्यंतच्या मुलांसाठी?"

"काका, मुलांसाठी नाही. मोठ्यांसाठी आहे. गोष्टी वाचायच्या, गप्पा मारायच्या."

काका जरा विचारात पडले. मग म्हणाले, "बरं. पण मग त्याचा मुलांना फायदा काय?"

आता यावर काय बोलणार! मी हसून चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. पण मंडळी, त्या प्रश्नाने डोक्यात जो किडा सोडला तो महिनाभर वळवळत होता. विज्ञानकथा म्हटलं की मराठी माणसाला आधी शाळा का आठवते? मी बरंच वाचलं, एक-दोघांशी बोललो, आणि जे हाती लागलं ते या वीकांताला लिहून काढतो आहे. लेख लांबलाय, चहा घेऊन बसा.

तर आधी स्थळ. द्रोणागिरी कुठे आहे असं विचारणाऱ्यांसाठी (म्हणजे माझ्या ऑफिसातल्या जवळपास सगळ्यांसाठी): उरणच्या अलीकडे, जेएनपीटी बंदराला लागून, सिडकोने आखलेला नोड. हनुमान द्रोणागिरी पर्वत घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी इथल्या डोंगराची गोष्ट लोक सांगतात. थोडक्यात, अवजड मालाची हवाई वाहतूक ही आमच्या गावाची मूळ कथा. आता तेच काम कंटेनर करतात. (ह. घ्या.) चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि द्रोणागिरी स्टेशनात लोकल आली ती जानेवारी २०२४ मध्ये. भविष्यकाळ आमच्याकडे जरा लेटच येतो.

पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण जमलो. मी, बायको (तिला यावंच लागलं :-)), बारावीतली एक मुलगी, नेरूळहून आलेला माझा ऑफिसातला मित्र आणि दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. अण्णा सत्तरीचे. सगळा जन्म उरणात गेला, मुंबईत एका ऑफिसात कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. एक सहावा मेंबर वही-पेन घेऊन आला होता, त्याच्या आईने पाठवलं होतं. क्लास नाही म्हटल्यावर त्याला इतका आनंद झाला की तो आला तसा पळाला.

मित्राने सुरुवातीलाच बाँब टाकला. "सगळं ठीक आहे, पण मराठीत साय-फाय आहेच कुठे? मी अकरावीला इंग्रजीत एक धडा वाचला होता, तो भारी होता. एका प्रोफेसरला ट्रकची धडक बसते आणि तो अशा जगात पोचतो जिथे मराठे पानिपत जिंकलेत. मग आझाद मैदानावर स्टेजवर चढून भाषण ठोकायला जातो आणि लोक त्याला अंडी-टोमॅटो मारतात. तसं काहीतरी मराठीत पाहिजे."

अण्णांनी चष्मा काढला. "अरे बाबा, तो गंगाधरपंत. नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तू जे वाचलंस ते भाषांतर."

मित्र सीबीएसईचा. त्याच्या पुस्तकात धड्याचं नाव 'द ॲडव्हेंचर' होतं. लेखक नारळीकर आहेत हे त्याला माहीत होतं, गोष्ट आधी मराठीत होती हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण खरं सांगायचं तर हसण्याचा हक्क मलाही नव्हता. मी मराठी माध्यमाचा, आणि तरी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असिमोव्ह आणि क्लार्क यांच्या पीडीएफ वाचत होतो. बाळ फोंडके हे नाव मी पंचविशीत ऐकलं.

असो. आता इतिहास.

विज्ञानकथा आवडणारी माणसं जगात सगळीकडे असतात, पण ती एकमेकांना सापडतात कशी? अमेरिकेतलं उत्तर मजेशीर आहे. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं. वाचकांची पत्रं छापताना तो खाली पत्रलेखकाचा पत्ताही छापायचा. बस्स. एवढ्या एका युक्तीने पोरं एकमेकांना परस्पर पत्रं लिहायला लागली, मग गावागावांत क्लब निघाले, क्लबांची हाताने छापलेली पत्रकं निघाली, भांडणं झाली (ती हवीतच), आणि १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिलं जागतिक संमेलन भरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गर्न्सबॅकने युजर्सना एकमेकांशी बोलायला पोर्ट उघडून दिला. पुढे त्या वाचकांतूनच लेखक आले, संपादक आले.

भारतात याच्या सगळ्यात जवळ गेलं ते कलकत्ता. अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली बंगालीत 'आश्चर्य!' नावाचं विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. संपादक म्हणून नाव लावायचे 'आकाश सेन'. आणि १९६६ मध्ये त्यांनी चक्क सायन्स फिक्शन सिने क्लब काढला. अध्यक्ष कोण? सत्यजित राय. उपाध्यक्ष प्रेमेंद्र मित्र. म्हणजे आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी अध्यक्ष होऊन दर महिन्याला परग्रहवासीयांचे सिनेमे दाखवावेत, असं काहीसं. हे वाचलं तेव्हा मला बंगाल्यांचा जो हेवा वाटला तो आयपीएलमध्येही कधी वाटला नव्हता. पण क्लब टिकला नाही. साठचं दशक संपता संपता तो थंडावला.

आता योगायोग बघा. त्याच १९६६ मध्ये, एप्रिलच्या २४ तारखेला, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पुढाकार म. ना. गोगटे यांचा. गोगटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर. (जाता जाता: मराठी रोमन लिपीत लिहावी असाही या माणसाचा आग्रह होता. लोक हसले असतील. आज आपण सगळे मोबाईलवर 'kasa ahes' छाप मराठी रोमनमध्येच बडवतो, तेव्हा हसणाऱ्यांनी जपून हसावं.) परिषदेचा हेतू स्वच्छ होता: विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यायचं. व्याख्यानं, वार्षिक अधिवेशनं, पत्रिका. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात एक भर पडली, विज्ञान रंजन कथा स्पर्धा.

एकाच वर्षी दोन शहरांत दोन दारं उघडली. कलकत्त्याच्या दारावर लिहिलं होतं 'सिनेमा'. मुंबईच्या दारावर 'विज्ञान'. मराठी विज्ञानकथेचं पुढे जे बरं आणि जे वाईट झालं ते मला या पाटीत दिसतं. ते का, ते पुढे सांगतो. त्याआधी जगतापांची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

१९७४ साल. जयंत विष्णू नारळीकर केंब्रिजहून परत येऊन दोन वर्षं झाली होती, कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक होते. फ्रेड हॉईलबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे विशी-पंचविशीतच त्यांचं नाव घराघरांत पोचलेलं. अहमदाबादला एका परिसंवादात ते बसले होते आणि समोरचं व्याख्यान कंटाळवाणं होतं. (अपरेझल सीझनमधल्या टाऊनहॉल मीटिंगा आठवा.) आपण अशा वेळी वहीत चौकोन काढतो. नारळीकरांनी समोरच्या कागदांवर मराठीत गोष्ट लिहायला घेतली. विषय, ब्लॅक होल. नाव, 'कृष्णविवर'.

गोष्ट त्यांना परिषदेच्या स्पर्धेला पाठवायची होती. पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक गोष्ट बघणार की नाव? म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. ते कसं बनवलं बघा: जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना. उलटं केलं, ना. वि. ज. त्यावरून नारायण विनायक जगताप! सरळ सरळ स्ट्रिंग रिव्हर्स. पण परिषदेतल्या लोकांना नारळीकरांचं अक्षर ओळखीचं, त्यामुळे नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं. तेव्हा सगळी कथा मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपल्या अक्षरात उतरवून दिली. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारं चित्र तेच आहे: घरात एक गणितज्ञ बसून खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून काढते आहे, आणि दोघांनाही बहुधा शाळेतल्यासारखी मजा येते आहे.

जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. हे तेच आणीबाणीतलं संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि व्यासपीठावरून जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी झालेली प्रार्थना. इतिहासात ते संमेलन त्यासाठीच लक्षात राहिलं आणि ते योग्यच. पण दुर्गाबाईंनी आपल्या अध्यक्षीय भाषणात नारळीकरांच्या या नव्या लेखनाची दखलही घेतली होती. एवढ्या तापलेल्या मांडवात त्यांना ब्लॅक होलची आठवण राहिली! मग 'किर्लोस्कर' मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडे आणखी कथा मागितल्या, आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही नावं त्याच्या आगेमागे ठळक झाली. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही. नाव लपवून पाठवलेल्या गोष्टीपासून संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत ४७ वर्षं. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २० मे २०२५ ला.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मराठी विज्ञानकथा १९७४ ला सुरू झाली तर. अजिबात नाही! 'केरळ कोकिळ' नावाचं मराठी मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये चालवायचे. निघायचं कुठून, तर कोचीनहून. त्यात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी मराठीत क्रमशः येत होती. मराठी वाचक चंद्रावर गेला तो मलबारमार्गे. मग भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. आणि मोठ्यांसाठी होतं अनंत अंतरकरांचं 'नवल'. अंतरकरांची 'हंस' आणि 'मोहिनी' ही मासिकं आधीपासून होती, पन्नासच्या दशकात 'नवल' आलं. भूत, खजिना, मंगळ, खून, सगळं एकाच मांडवाखाली. द. पां. खांबेटे तिथे, नारायण धारप तिथे. साठच्या दशकात 'धनंजय' हा दिवाळी अंकही त्याच वाटेने आला. धारपांना आज आपण समर्थ आणि भुतांसाठी ओळखतो, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या आणि त्या वाचताना कुणाला शाळा आठवत नाही.

म्हणजे दोन प्रवाह होते. एक 'नवल'चा, ज्याला आपण रंजक आहोत याची लाज नव्हती. दुसरा परिषदेचा, ज्याला आपण उपयुक्त आहोत याचा अभिमान होता. प्रतिष्ठा दुसऱ्याला मिळाली.

आता पाटीचा मुद्दा. स्पर्धेने काय दिलं ते आधी मान्य करू. एक म्हणजे सातत्य. कलकत्त्याचा क्लब मित्रांच्या उत्साहावर चालला आणि उत्साह ओसरल्यावर बंद पडला. परिषद कार्यकारिणीवर, वर्गणीवर, अ. पां. देशपांडे यांच्यासारख्या दशकानुदशकं काम ओढणाऱ्या कार्यवाहांवर चालली आणि टिकली. दुसरं म्हणजे कुणीही यावं. कुठल्याशा तालुक्याच्या गावातल्या शिक्षिकेला पोस्टाचं तिकीट लावून गोष्ट पाठवता आली.

पण स्पर्धेत माणसं एकमेकांना भेटत नाहीत हो! लिफाफा जातो, निकाल येतो. ज्याला बक्षीस मिळालं त्याचं नाव कळतं, बाकीचे कोण होते ते एकमेकांना कधीच कळत नाही. गर्न्सबॅकने पत्ते छापले. आपल्या इतिहासातला सगळ्यात लाडका क्षण हा नाव लपवण्याचा आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी जरा भीतभीत लिहितो. विज्ञानप्रसार हा हेतू डोक्यावर असला की गोष्ट परीक्षा द्यायला लागते. दर तिसऱ्या गोष्टीत एक सर असतात आणि एक भोळा पत्रकार असतो. "म्हणजे काय सर?" असं तो विचारतो, आणि सर दोन पानं बोलतात. अगदी गंगाधरपंतसुद्धा शेवटी एका विद्वान मित्रापुढे बसून कॅटास्ट्रॉफी थिअरी ऐकून घेतात. मला नारळीकर त्यातून सुटतात असं वाटतं, कारण त्यांच्याकडे कल्पना एवढी दणकट असते की व्याख्यान सहन होतं. विश्वासरावांना गोळी लागली नाही, एवढ्या एका ओळीच्या बदलावर अख्खा देश उलटा बसवायचा, हे सोपं नाही. लोंढ्यांकडे माणसं दिसतात, जावडेकरांकडे मिश्कीलपणा आहे. बाकी पुष्कळ गोष्टींत मात्र शेवटचं पान उलटल्यावर वाटतं की आता खाली प्रश्नोत्तरं येणार. सेक्रेटरी काकांनी मुलांचा फायदा विचारला यात त्यांचा काय दोष? पन्नास वर्षं आपणच त्यांना तसं सांगत आलोय.

हे सगळं मी दुसऱ्या शनिवारी मंडळापुढे मोठ्या आवेशात मांडलं. मित्र म्हणाला, "म्हणजे परिषदेने वाट लावली?" मी म्हटलं, तसं नाही रे. ती नसती तर कदाचित काहीच उरलं नसतं. मुद्दा असा की 'नवल'वाल्यांनी क्लब काढला नाही आणि परिषदेचं ते कामच नव्हतं.

तेव्हा अण्णा बोलले. मी त्यांचं बोलणं आठवेल तसं लिहितो.

"मी बत्तीस वर्षं मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर जायचो. दिवाळी झाली की माझ्या पिशवीत 'नवल' आणि 'धनंजय' असायचे. पुरवून पुरवून वाचायचो, एका फेरीला एक गोष्ट. समोरच्या बाकावर एक जण बसायचा, टक्कल होतं, गळ्यात मफलर. त्याच्या हातात पण 'नवल'. पाच-सहा वर्षं तरी आम्ही समोरासमोर तेच वाचत होतो. एकदा त्याने माझ्याकडे बघून अंक जरासा वर केला. मी पण केला. बास. पुढे तो दिसेनासा झाला."

"बोलला नाहीत कधी?" बारावीतल्या मुलीने विचारलं.

"काय बोलणार? ओळख कुठे होती?"

कुणीच काही बोललं नाही. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की अण्णा, तुम्ही कधी स्पर्धेला गोष्ट पाठवली नाही का?

"डोक्यात होती एक. लाँचवरचीच. धुक्यात लाँच निघते आणि धक्का येतच नाही. पण म्हटलं, आपण आर्ट्सवाले. नाव विज्ञान परिषद. तिथे विचारलं की धक्का का येत नाही ते शास्त्रानुसार सांगा, तर आपण काय सांगणार? सोडून दिलं."

त्यांना तसं कुणीच विचारलं नसतं कदाचित. परिषदेनेच त्या स्पर्धेच्या नावात 'रंजन' हा शब्द घातला होता. पण अण्णांनी पाटी वाचली आणि दारातून परत फिरले, आणि असे अण्णा किती असतील याचा विदा कुणाकडेच नाही.

अण्णांकडे त्या अंकांचा मोठा साठा होता. होता. उरणचं घर आवरताना मुलाने रद्दीत घातला, बावीस किलो भरला. मुलाची चूक म्हणत नाही, वन बीएचकेत माणसं ठेवायची की कागद? हे कळल्यावर मी रविवारी सकाळी बाईक काढून उरण गाठलं. रद्दीवाला चांगला माणूस, पण दोन वर्षांपूर्वीची रद्दी कुठे असणार! एका कोपऱ्यात कव्हर नसलेले चार दिवाळी अंक मिळाले. कुणाचे होते देव जाणे. एकात पेन्सिलने गोष्टींच्या नावापुढे मार्क दिलेत, दहापैकी. एका गोष्टीला दहापैकी दोन आणि पुढे लिहिलंय, 'शेवट आधीच कळतो.' म्हणजे हाही आपल्यातलाच कुणीतरी. पत्ता नाही.

अमेरिकेत त्या जुन्या क्लबांची चिठोरी-चपाटी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेली असतात. आपल्याकडे बक्षीसपात्र गोष्टींचे संग्रह निघाले, लेखकांची आत्मचरित्रं आली. नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' आहे, घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' तर वाचनवेड्या माणसाने वाचायलाच हवं. पण नुसत्या वाचकांचा इतिहास कुठे आहे? तो अण्णांच्या डोक्यात आहे, आणि अण्णांना हल्ली नावं आठवत नाहीत.

मागच्या शनिवारी दुपारी मी चुनाभट्टीला जाऊन आलो. परिषदेचं विज्ञान भवन तिथे आहे, वि. ना. पुरव मार्गावर. द्रोणागिरीहून नेरूळ, तिथे गाडी बदलायची, हार्बरने चुनाभट्टी. आधी हाच प्रवास म्हणजे एसटी किंवा लाँच आणि अर्धा दिवस. काही काम नव्हतं, नुसतं बघायचं होतं. इमारतीसमोर उभा राहिलो, फोटो काढला, अण्णांना पाठवला. त्यांचा मेसेज आला, "इतकं जवळ आहे होय."

परत येताना खारकोपरनंतर डबा रिकामा झाला. खिडकीतून खारफुटी, मिठागरं, लांबवर अटल सेतू, मग बंदराच्या क्रेन्स. मला वाटतं ही लाईन एखाद्या विज्ञानकथेची सुरुवात म्हणून फार छान आहे. पण ते पुन्हा कधीतरी.

मंडळाचं पुढचं ठरलंय. येत्या शनिवारी नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' मोठ्याने वाचायची. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही, फक्त मोबियस पट्टी माहीत असली तर मजा वाढते. बारावीवाली कागदाच्या पट्ट्या आणि डिंक आणणार आहे. मित्राने प्रिंटआऊट काढून आणायचं कबूल केलंय, आणि अण्णांनी माझ्याकडे चार फुलस्केप मागितले. कशाला ते मी विचारलं नाही.

काल सेक्रेटरी काका पुन्हा लिफ्टपाशी भेटले.

"शनिवारी काय आहे रे तुमचं?"

"'उजव्या सोंडेचा गणपती', काका."

"अरे वा! गणपतीचं आहे? मग मी येतो की. मिसेसना पण आणतो. प्रसादाचं काय केलंय?"

मी म्हटलं, करतो काहीतरी. वर जाऊन नोटीस नव्याने टाईप केली. "विज्ञानकथा वाचक मंडळ. शनिवार, सायंकाळी सहा. वयाची अट नाही. विज्ञान आलं पाहिजे अशीही अट नाही. मुलांना कोणताही फायदा होणार नाही. येताना आपली खुर्ची आणावी." खाली माझं नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाईल नंबर टाकला.